'बोगी' कुठल्या फ्रेंचमध्ये? रेल्वे आणि कस्टम्सच्या भाषांतराचा माझा अनुभव

पर्यटनाची पत्रकं फ्रेंचमध्ये करून करून मी कंटाळले होते, तेव्हा पुण्यातल्या एका निर्यातदाराचं काम आलं. रेल्वेच्या भागांची पॅकिंग लिस्ट, ड्रॉइंगवरच्या टिपा आणि फ्रान्सच्या कस्टम्ससाठी लागणारे कागद.

पहिल्याच पानावर 'बोगी'. आपल्याकडे बोगी म्हणजे अख्खा डबा. फ्रेंच 'बॉझी' म्हणजे मात्र फक्त डब्याखालची चाकांची चौकट. यादी करणाऱ्याच्या मनात यातलं काय होतं, ते नुसत्या शब्दावरून कळेना. कस्टम्सच्या मालाच्या वर्गवारीत प्रवासी डबा 8605 या क्रमांकाखाली आणि चौकट 8607 खाली, म्हणजे अंदाजपंचे लिहायची सोय नाही. फोन केला. "अहो मॅडम, डबा कशाला पाठवू? ड्रॉइंग टाकतो, बघा." चौकटच निघाली.

तिथून कामाची पद्धत बदलली. हे क्रमांक हार्मोनाइज्ड सिस्टिम (एचएस) या मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतले; 1988 पासून लागू असलेल्या या पद्धतीत क्रमांकाचे पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, आणि तिचा इंग्रजी व फ्रेंच असा दोन्ही मजकूर अधिकृत. मग भाषांतर कशाला करायचं? तिचं रेल्वेचं, म्हणजे 86वं प्रकरण फ्रेंचमध्ये उघडायचं आणि शब्द जसाच्या तसा उचलायचा. सुट्या भागांना वर्कशॉपमध्ये 'पिएस' म्हणतात, हे प्रकरण 'पार्ती' म्हणतं. कानाला खटकलं, तरी कस्टम्सच्या कागदावर 'पार्ती'च ठेवलं. ड्रॉइंगवर 'पिएस'.

युरोपीय महासंघाचा कस्टम्स कायदा (952/2013) युर-लेक्स या महासंघाच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर इंग्रजी-फ्रेंच शेजारी शेजारी लावून वाचता येतो. माल 'मुक्त' करण्याचे तिथे दोन वेगळे प्रकार दिसले: कस्टम्सने माल ताब्यातून सोडणं म्हणजे 'मँलव्हे', आणि आयातशुल्क वगैरे भरून परदेशी मालाला महासंघातल्या मालाचा दर्जा मिळणं म्हणजे 'मीझ आँ लिब्र प्रातिक'. माझ्या मोठ्या कोशात दोन्हीसाठी एकच गुळमुळीत शब्द होता. कोश मिटला.

रेल्वेची बाजू जास्त चिवट. तिथे कायदा हाताशी नसतो, लोकांची सवय असते. 'गेज'चंच बघा. दोन रुळांमधलं अंतर असेल तर 'एकार्तमाँ', आणि डब्याला किंवा मालाला रुंदी-उंचीची जी मर्यादा पाळावी लागते ती 'गाबारी'. आमच्या ड्रॉइंगवर दोन्ही ठिकाणी नुसतं 'गेज' होतं. एकाशेजारी 1435 मिमी दिसलं म्हणून तेवढं तरी सुटलं. दुसऱ्यासाठी पुन्हा फोन. फ्रेंच रेल्वेवाले प्रवाशांच्या डब्याला 'व्वातुर' आणि मालाच्या डब्याला 'वागाँ' म्हणतात, हेही पक्कं पाळलं. गंमत म्हणजे मालासोबत जाणाऱ्या वाहतूकपत्राचं नाव मात्र 'लेत्र द व्वातुर', कारण ते नाव बैलगाडी-घोडागाडीच्या काळातलं आहे.

आता अशा कामाचा दर सांगण्याआधी मी एचएस कोड आणि ड्रॉइंग मागून घेते. न देणाऱ्याला शब्दांवर नाही, तासांवर बिल लावते.