किशोरकुमारचा घसा बसला तर

माळ्यावरून रेकॉर्ड प्लेअर खाली उतरतो, धूळ झटकली जाते, १९७७ सालच्या ‘हम किसीसे कम नहीं’ची एलपी (मोठी तबकडी) लागते आणि मेडलीतल्या (एकाला एक जोडलेल्या गाण्यांतल्या) ‘मिल गया हमको साथी’ला किशोरकुमारचा घसा बसलेला निघतो. चाल ओळखीची, पण सगळेच जेवून सुस्तावल्यासारखे गातात. यावर ‘जुनं ते जुनंच’ म्हणून उसासा टाकायची घाई करू नये. हा घसा बहुतेक वेळा मोटरच्या जोरावर चकती फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याचा असतो.

खात्री करायला फिरत्या चकतीच्या कडेला कागदाचा चिटोरा चिकटवा, रेकॉर्ड लावून सुई टेकवा (सुईच्या ओढीनेही वेग थोडा उतरतो) आणि घड्याळ लावून फेरे मोजा. एलपीचे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत, छोट्या ४५ च्या तबकडीचे मिनिटाला ४५. शंभराच्या जागी ९४ भरले, तर गाणं पुरा अर्धा स्वर खाली उतरलं. पेटीवरच्या काळी दोनचं काळी एकच्या वरच्या पांढरीत! मूळ चाल ज्या बँडकडून उचलली, त्या ‘अ‍ॅबा’चं १९७५ सालचं ‘मामा मिया’ याच प्लेअरवर लावलंत तर तेही तितकंच पेंगेल, म्हणजे संगीतकार पंचमदांवर (आर. डी. बर्मन) ठपका नको.

पट्टा वर्षानुवर्षं एकाच जागी ताणलेला राहून सैल होतो. गरम पाण्यात बुडवून तो चार दिवस आवळतो, पण पुन्हा आपल्या वळणावर जातो. नवा घ्या, मॉडेलच्या मापाचा. बसवण्याआधी मोटरची पुली स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि पट्ट्याला तेलकट बोट लावू नका. जुन्या प्लेअरमध्ये पट्ट्याऐवजी रबरी चाक असतं. ते दाबलेल्या अवस्थेत वर्षं काढतं, त्याला खड्डा पडतो आणि मग प्रत्येक गाण्याला फुकटचा ढोलकीवाला मिळतो.

आता खरखर. कान देऊन ऐका: ‘टक’ ठरावीक अंतराने येतोय का? ४५ च्या तबकडीवर दर १.३ सेकंदांनी, एलपीवर दर १.८ सेकंदांनी आला तर तो ओरखडा. त्याला औषध नाही. वेळीअवेळी येत असेल तर धूळ. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब घालून मऊ कापडाने गोल, खाचेच्या दिशेनेच पुसा, मग नुसत्या पाण्याने. मधल्या लेबलाला ओल लागू देऊ नका. पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्ड घेताना ती तिरप्या उजेडात धरा. खाचा राखाडी दिसल्या तर जड सुईने त्या कधीच खाल्ल्यात. अशी रेकॉर्ड धुऊनही ‘स’ला फिसफिसणारच, आणि गाणं लेबलाजवळ सरकेल तसं जास्त. तिथे एका फेऱ्यात सुईखालून जाणारी खाच आखूड होते, पण आवाज तेवढाच कोंबलेला असतो.

सगळं जमल्यावर परीक्षा घ्यायला मात्र बी जीज या बँडचं १९७७ सालचं ‘स्टेइन अलाइव्ह’च लावावं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ड्रमर हजर नव्हता. मग त्यांच्याच ‘नाइट फीव्हर’च्या टेपमधला दोन मात्रासमूहांचा तुकडा कापून त्याची टोकं जोडली आणि ती माळ फिरवत ठेवून अख्ख्या गाण्याचा ठेका केला. वर ड्रमर म्हणून ‘बर्नार्ड लूप’ असं गंमतीचं नावही छापलं (अशा माळेला इंग्रजीत ‘लूप’ म्हणतात). या ठेक्यात माणसाची लहर नाही: मिनिटाला १०३-१०४ ठोके, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच दोन समूह. त्यामुळे तो हेलकावायला लागला तर हेलकावा आपल्या घरचा. हेलकावा फेऱ्याफेऱ्याला येत असेल, तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. मनाला येईल तेव्हा येत असेल, तर पुन्हा पट्टाच.