लुंबिनीला निघालेले मोठे बाबा आणि मोठी आई

मुंबई ते नागपूर प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रात्रभर गाडी, सकाळी इंदोऱ्यात मोठ्या बाबांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या, घरी तर्री-पोहे. पुढच्या दिवसांत फुटाळा झाला, रामटेक झालं, कामठीचं ड्रॅगन पॅलेसही झालं. लिहायला बसले ती दीक्षाभूमीवरच्या एका दुपारसाठी.

मोठे बाबा सत्तरीला आलेत, मोठी आई पासष्टीची. हा हिवाळा दोघं नेपाळात, लुंबिनीच्या एका विहारात धम्मसेवेला राहणार आहेत. स्वयंपाक, झाडलोट आणि आपल्याकडच्या यात्रेकरूंना आपल्या बोलीत ती जागा समजावून सांगणं, एवढं काम. मागे ते स्वतः यात्रेच्या बसनं गेले होते. मायादेवी मंदिर, अशोकस्तंभ, सगळं पाऊण तासात उरकलं. बसमधली एक म्हातारी स्तंभापुढे हात जोडून विचारत राहिली, "काय लिवलं हाय बापा याच्यावर?" गाइड हिंदीत भराभर बोलून केव्हाच पुढे गेला होता. मोठ्या आईला ते फार लागलं. तिथूनच हे ठरलं.

दीक्षाभूमीवरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या. त्याच्या सावलीत मोठ्या बाबांनी वही उघडली आणि सराव सुरू केला. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे आवाज खणखणीत. "सम्राट अशोक राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी इथं आले. बुद्धांचा जन्म इथला, म्हणून त्यांनी हा स्तंभ उभारला, लुंबिनी गावाचा बली नावाचा कर माफ केला आणि राजभाग अष्टमांशावर आणला."

"अष्टमांश म्हटलं तं आर्वीच्या बाईले का समजन?" मोठी आई म्हणाली. "सांगा, राजानं सारा कमी केला. आठ पोते पिकले तं एक राजाचं, सात तुहे."

त्यांनी मुकाट्यानं वहीतली ओळ खोडली आणि तिचं वाक्य लिहून घेतलं.

दुसऱ्यांदा सांगताना शेजारी डबा खात बसलेल्या दोन बायका सरकून जवळ आल्या. यवतमाळकडच्या, शेतात राबणाऱ्या. त्यातली एक म्हणाली, "मंग पहिले किती घेत होते?" हा प्रश्न वहीत नव्हता. मोठे बाबा थोडं थांबून म्हणाले, "जुन्या ग्रंथांत राजाचा वाटा सहावा सांगतात." बाईनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे चोवीस पोत्यायमागं एक पोतं वाचलं." मग ती दुसरीला पहिल्यापासून सगळं सांगू लागली, स्तंभ, राजा, सारा, सगळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन हजार वर्षांहून जुना दगडावरचा मजकूर एका शेतकरी बाईनं माझ्यासमोर तपासून घेतला होता.

घरी मात्र नातेवाइकांचा एकच घोषा. या वयात परदेश कशाला, आजारी पडलात तर कोण बघणार, सेवा इथंही करता येते. मला याचा मनापासून राग येतो. हीच माणसं नातवंडं सांभाळायला अमेरिकेत जाणाऱ्यांचं कौतुक करतात. मोठे बाबा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "14 ऑक्टोबर 1956 ले बाबासाहेबाले दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर ब्रह्मदेशातले. ते आपला मुलूख सोडून इकडे आले नसते तं?"

तयारी कडक चाललीय. तराईतल्या धुक्याच्या थंडीसाठी नागपूरच्या बर्डी बाजारातून स्वेटर आणलेत, रक्तदाबाच्या गोळ्या मोजून डब्यात भरल्यात. शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात हे मोठी आई भाजीच्या हिशेबात घोकते. राप्तीसागर एक्स्प्रेसनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, मग सीमा ओलांडून भैरहवा.

यात्रा नेणाऱ्यांनो, तुमचा मला खरंच राग आहे. जपानी वास्तुविशारद केन्झो टांगे यांच्या 1978 च्या आराखड्यातला तो परिसर सुमारे पाच किलोमीटर लांब आहे. कालव्याच्या पूर्वेला थेरवाद पंथाचे विहार, पश्चिमेला महायान पंथाचे. गुडघे दुखणाऱ्या बायांना पाऊण तासात तिथून काय दिसणार? वर्षभर पैसे साठवून आलेल्या असतात त्या. अर्धा दिवस द्या. आणि बसमधल्या आयाबायांनो, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तरी उठू नका. विचारायचं ते सगळं विचारून घ्या. या हिवाळ्यात मराठीत उत्तर द्यायला तिथं दोघं आहेत.