सेंट मॅग्डलीन: बंद भट्टीची व्हिस्की

१९८३ साली डीसीएल (डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड) या स्कॉच व्हिस्की कंपनीने मागणीपेक्षा जास्त साठा झाल्याने अनेक भट्ट्या बंद केल्या. स्कॉटलंडमधल्या लिनलिथगोची सेंट मॅग्डलीन त्यांपैकीच. इमारतीत आता सदनिका आहेत, पॅगोडा छत मात्र शाबूत.

लोलँडची (स्कॉटलंडच्या दक्षिण भागातली) व्हिस्की म्हणजे सौम्य, ही समजूत इथे चालत नाही. रेअर मॉल्ट्स या दुर्मीळ व्हिस्कींच्या मालिकेतली १९७९ची, १९ वर्षे मुरलेली बाटली तब्बल ६३.८ टक्के अल्कोहोलची! २० मिलीत ७ मिली पाणी थेंबाथेंबाने घातलं, की ती सुमारे ४७ टक्क्यांवर येते. एकदम ओतलं तर मधल्या पायऱ्यांवरची चव निसटते.

जुनं बूच बऱ्याचदा तुटतं. बाटली उभीच ठेवा, कारण तीव्र अल्कोहोल बूच कुरतडतं. उघडताना दोन पात्यांचा बूचकाढा वापरा, नवं बूच हाताशी ठेवा. तुकडे पडलेच, तर बारीक गाळणीतून गाळा. विकत घेण्याआधी बाटलीतल्या व्हिस्कीची पातळी बघा. ती बाटलीच्या खांद्याखाली असेल तर मी घेणार नाही.