ट्रॅव्हलर घाटात का तापते : तपासाची नोंदवही

गाडी २००३ ची टेम्पो ट्रॅव्हलर. आधीच्या मालकाकडे वऱ्हाडात लग्नाच्या वराती वाहायची, आता आमचं फिरतं घर आहे. आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रिज, ८० लिटरची पाण्याची टाकी. इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, चार सिलिंडरचं डिझेल. मुक्काम दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. पलंगाखालची वायरिंग संपली की पडद्यांचं काम लिहायचं ठरलं होतं, पण मध्येच हे निघालं आणि महिना त्यातच गेला.

६ एप्रिल

परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघालो. धामणगाव गढी मागे पडली, चढ लागला आणि चार-पाच वळणांत तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. दुसरा गिअर, वेग वीसच्या आसपास, एसी चालू. सागाच्या सावलीत गाडी बाजूला घेतली, एसी बंद केला, पण इंजिन बंद केलं नाही. रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीत पाणी दिसत होतं आणि बेल्ट फिरत होता, म्हणून रेस थोडी वाढवून तसंच चालू ठेवलं. पाणी वाहून गेलं असतं किंवा बेल्ट तुटला असता, तर तत्क्षणी बंद करावं लागलं असतं. पाच मिनिटांत काटा निम्म्यावर आला.

मदतीला थांबलेला एक जीपवाला म्हणाला, "झाकण खोलून पाणी टाका ना भाऊ, लवकर थंडी होईन." त्याच्या मनात चांगलंच होतं, पण रेडिएटरचं ते झाकण मी कोणालाही उघडू दिलं नसतं. आतलं पाणी दाबाखाली असतं. ०.९ बारचं झाकण असलं तर ते ११८ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, पाणी एका क्षणात उकळतं आणि वाफेसकट तोंडावर येतं. शिवाय तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, तडा जाण्याची भीती वेगळी.

त्या पाच मिनिटांनी मला पुढच्या तपासाची दिशा दिली. उभ्या गाडीत तापते आणि पळताना थंड होते, तर दोष हवेचा: पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचं आवरण. उभी असताना थंड होते आणि चढावर तापते, तर इंजिनात तयार होणारी उष्णता पाणी पुरेशी बाहेर नेत नाही, किंवा नेतं पण रेडिएटर ती टाकू शकत नाही. आमची गाडी दुसऱ्या जातीची निघाली.

८ एप्रिल

आधी काटा खरा आहे का ते पाहिलं. जुन्या गाड्यांत अर्थिंग सैल झालं की मीटर वाटेल ते दाखवतं. काटा स्थिर असताना हेडलाइट लावले. काटा हलला असता तर अर्थिंगचा दोष होता. तो हलला नाही, तरी अर्थची वायर सोडून, घासून परत आवळली. मग इन्फ्रारेड गनने (लांबून तापमान मोजायचं यंत्र) थर्मोस्टॅट हाउसिंगवर मोजलं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, हाउसिंग म्हणजे तिचं घर. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन खूप कमी आकडा दाखवते, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला. त्या टेपवरच्या आणि काट्याच्या आकड्यात तीन अंशांचाच फरक आला. गाडी खरंच तापत होती.

११ एप्रिल

समोरची जाळी काढली. एसीचा कंडेन्सर वरून स्वच्छ, पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत कापसाची गादी बसावी तसा थर होता. आमच्याकडे हंगामात रस्त्यावर पुढे कापसाची गाडी असते, पऱ्हाटीच्या वावरातून धूळ येते, थ्रेशर चालू असला की सोयाबीनचं कुटार उडतं, आणि सगळं त्या फटीत जाऊन बसतं. समोरून बघणाऱ्याला ते दिसतच नाही. कंडेन्सरचे बोल्ट सैल करून तो पुढे ओढला आणि इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, नळीच्या साध्या धारेने धुतलं. वॉशिंग सेंटरचं प्रेशर लावलं की पत्र्याच्या पाकळ्या दुमडतात. अर्धं घमेलं कचरा निघाला. अंजनगावपर्यंत जाऊन आलो, सपाटीवर फरक जाणवला. पण तेवढ्याने घाट चढेल असं वाटलं नाही.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी, पुतणी मदतीला. तिच्या हातात गन आणि वही.

सगळ्यात मोठी भीती हेड गॅसकेटची (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीची) होती, म्हणून ती आधी तपासली. थंड इंजिनात झाकण काढलं, पाणी काठोकाठ भरलं, फॅन बेल्ट उतरवला. बेल्ट नसला की वॉटर पंप फिरत नाही, त्यामुळे पाण्यात बुडबुडे आले तर ते सिलिंडरमधल्या वायूचेच. इंजिन मिनिटभरच चालवलं, कारण पाणी फिरत नसताना जास्त चालवणं धोक्याचं. आम्ही दोघं त्या तोंडात डोळे लावून बसलो. पाणी थरथरत होतं, पण एकही बुडबुडा नाही. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नव्हतं आणि धुरात गोडसर वास नव्हता. मी मोठा श्वास सोडला.

मग बेल्ट चढवून इंजिन गरम केलं आणि रेडिएटरच्या जाळीवर चौकोन कल्पून एकेक जागा मोजली. ती वाचत गेली, "काका, वरती एक्क्याण्णव. मधात सत्त्याऐंशी. इथं... छप्पन्नच." खालच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग ५६, त्याच्या शेजारचा ८०. पुन्हा मोजायला लावलं, तोच आकडा. थंड डाग म्हणजे तिथल्या नळ्यांतून गरम पाणी जातच नव्हतं.

खालचा होस रेस दिल्यावर आत चिमटतो का, तेही पाहिलं. नाही चिमटत. वॉटर पंपाच्या भोकातून थेंब नाही.

२० एप्रिल

आज थर्मोस्टॅट हाउसिंगचे तीन बोल्ट काढले. आत काहीच नव्हतं. फक्त जुन्या गॅसकेटचा काळा वळ.

आमच्या भागात ही जुनी रीत आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात गेला की मिस्त्री म्हणतात, "वॉल काढूनच टाका जी, पानी मोकळं फिरते." वॉल म्हणजे हाच थर्मोस्टॅट. आधीच्या मालकाच्या वेळी कोणी तरी हेच केलं होतं. काही इंजिनांत ते खपून जातं. या इंजिनात खपत नाही, आणि का ते हाउसिंगमध्ये बोट घालूनच मला कळलं. आत दोन वाटा आहेत: एक रेडिएटरकडे, दुसरी बायपासची, जी पाणी थेट पंपाकडे परत पाठवते. थर्मोस्टॅटला खाली एक चकती असते. तो उघडतो तेव्हा ती चकती बायपासवर बसते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो. पाणी सोपी वाट धरतं, त्यातलं बरंचसं रेडिएटरला न जाता इंजिनातच घुमत राहतं. सपाटीवर कळत नाही, चढावर कळतं. हिवाळ्यात सकाळी इंजिन गरम व्हायला इतका वेळ का लागायचा, त्याचंही उत्तर मिळालं.

८० अंशांचा नवा थर्मोस्टॅट आणला आणि बसवण्याआधी गाडीतल्याच शेगडीवर पातेल्यात तपासला. दोऱ्याने टांगला, शेजारी थर्मामीटर. ७९ ला फट केसाएवढी उघडली. आतलं मेण वितळून फुगतं आणि दांडी ढकलतं. ९० च्या पुढे तो पूर्ण उघडला आणि खालची चकती हळूहळू पुढे सरकलेली दिसली. तो पाऊण सेंटिमीटरचा सरक बघताना मी गॅस बंद करायचं विसरलो.

२३ एप्रिल

रेडिएटर उतरवून अमरावतीला नेला. रेडिएटरचं काम करणारे एक वयस्क चाचा आहेत. त्यांनी वरची टाकी टॉर्चच्या ज्वाळेने डाग (सोल्डरचा सांधा) सोडवून उघडली आणि मला जवळ बोलावलं. नळ्यांची तोंडं पांढरट-तपकिरी थराने बुजलेली, काही ठिकाणी सुईसुद्धा जाणार नाही.

"हे कुठलं पानी टाकलं?"

"विहिरीचं असेल. दर्यापूरकडचं."

"मंग हे पानी नाही जी, चुनाच टाकला तुमी याच्यात."

पूर्णेच्या खोऱ्यात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. अमरावती, अकोला, बुलढाण्याचा हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, माणसाला चालत नाही, प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं. मग तेच विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं तर क्षार जाणार कुठे? पाणी तापलं की ते भांड्याला धरतात. तांबं जेवढी उष्णता वाहून नेतं तिच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी तो थर नेतो, म्हणजे जी नळी बुजली नाही तीही नीट काम करत नाही.

चाचांनी पितळी पट्टी एकेका नळीतून सरकवली. घासल्याचा करकर आवाज, मग खालून पांढरी भुकटी. अडीच तास. सत्तावीस नळ्या पूर्ण बुजलेल्या होत्या, त्यांतल्या पंचवीस उघडल्या. दोन गळत होत्या, त्या डाग देऊन बंद केल्या. हौदात बुडवून हवेचा दाब देऊन दाखवला, तेव्हाच टाकी परत डागली. जुना तांबे-पितळी रेडिएटर असेल तर टाकू नका, असा माणूस शोधा.

२७ एप्रिल

रेडिएटरमध्ये हे असेल तर ब्लॉकमध्येही असणार. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम घेऊन भरलं, इंजिन गरम करून पंधरा मिनिटं चालवलं आणि थंड झाल्यावर काढलं. चहासारखं पाणी निघालं. मग साध्या पाण्याने पाच वेळा, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने एकदा. काही जण संडास साफ करायचं ॲसिड वापरतात. ते ॲल्युमिनियमचं हाउसिंग खातं आणि रेडिएटरचा डागही सोडवतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. गाडीचं तोंड बांधाच्या उतारावर वर करून झाकण उघडं ठेवलं, म्हणजे अडकलेली हवा निघते. वीसेक मिनिटांनी वरचा होस एकदम चटका देण्याइतका गरम झाला. थर्मोस्टॅट उघडला होता. पाण्याची पातळी ग्लासभर खाली गेली, तेवढी भरून नवं झाकण लावलं.

जुनं कूलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री आणि वासरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्या घरी दोन गाई आणि एक कुत्री आहे, त्यामुळे सगळं डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, उंचावर ठेवलं आहे.

४ मे

तीच वाट, तेच वजन, टाकी भरलेली. दुपारचे दोन, खाली परतवाड्याला ४३ अंश. धामणगाव गढीपुढे मी एसी बंद केला आणि पुतणीने दर दोन किलोमीटरला काटा वहीत लिहिला. ८५, ८८, ९१, ९२, ९२. ज्या वळणावर गेल्या वेळी थांबलो होतो तिथे ९३. मग एसी लावून पाहिला: हळूहळू ९९ पर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ते मला जास्त वाटतं. पंख्याभोवतीचं आवरण या गाडीत नाही, नुसते चार रिकामे बोल्ट आहेत. आता तेच काम हाती घेतो. कोणाकडे जुन्या ट्रॅव्हलरचं आवरण पडलेलं असेल, किंवा पत्र्यातून बनवलं असेल, तर पंख्याच्या पात्यापासून किती अंतर ठेवलं ते सांगा.

वर चिखलदऱ्याला गाडी तासभर थंड होऊ दिली आणि बोनेट उघडलं. निघताना बाटलीवर मार्करने रेघ मारली होती. पाणी रेघेवरच होतं.