हेड न उतरवता परत पाठवलेली गाडी

"काका, हेड उतरवायचंय. सामान आणलंय मी."

साताऱ्याहून आलेल्या पोरानं डिकीतून खोकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. आत हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खालच्या ब्लॉकला आवळणारे दहा एआरपी स्टड, नट-वॉशर आणि त्या दोन्हींमध्ये बसणारं, कंपनीच्यापेक्षा जाड असं मल्टिलेयर स्टीलचं हेड गॅस्केट. सगळं अमेरिकेतून मागवलेलं, किंमत विचारायची सोय नाही.

गाडी २००५ची ऑक्टेव्हिया आरएस. १.८ लिटर, सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, टर्बो, मुळात १५० हॉर्सपॉवर. त्यानं कुणाकडून तरी ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, मॅप बदलून घेतला होता. टर्बोचा बूस्ट, म्हणजे आत ढकललेल्या हवेचा दाब, मुळात अर्ध्या बारच्या आसपास असतो, तो १.३ बारपर्यंत चढवलेला. मित्राच्या तशाच गाडीचं हेड गॅस्केट गेलं, सिलिंडरमध्ये पाणी शिरलं, बिल बघून हा घाबरला आणि आधीच मजबूत करून घ्यायला पुण्याला आला. आजार होण्याआधी येणारं गिऱ्हाईक आमच्या धंद्यात दुर्मिळच, त्यामुळे मला तो आवडला. पण न तपासता चालू इंजिनचं हेड मी उतरवत नाही.

आधी थंड इंजिनवर एक्स्पान्शन टँकचं, म्हणजे कूलंटच्या टाकीचं, झाकण काढून ब्लॉक टेस्टरचं निळं पाणी लावलं. इंजिन तापेपर्यंत ते निळंच राहिलं. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असता तर पिवळं पडलं असतं. सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघायची लीक-डाउन टेस्टही चारही सिलिंडरची चांगली. म्हणजे गॅस्केट शाबूत. पोरगं म्हणालं, "मग स्टड टाकून टाकू, विषय संपला."

विषय संपला नव्हता. लीक-डाउनसाठी काढलेले प्लग मी दुपारच्या उन्हात भिंगाखाली धरले. तीन ठीक. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मात्र बारीक चकचकीत राखाडी ठिपके होते. ते ॲल्युमिनियम. पिस्टनच्या डोक्यावरून सुटलेलं. मी काही न बोलता भिंग त्याच्या हातात दिलं. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "हे नॉकिंगचं का?"

नॉकिंगचंच. स्पार्कनं पेटलेली ज्वाला पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं एकदम आपोआप पेटतं, आणि सिलिंडरमधला दाब क्षणात उसळतो. या इंजिनचा बोअर ८१ मिलिमीटर. आत १०० बार दाब झाला तर एकेका सिलिंडरमागे हेडला वर ढकलणारा जोर पाच टनांच्या वर जातो. हेडचे बोल्ट ताणाखाली असतात, तो जोर वाढला की ते केसभर लांबतात, हेड तेवढंच उचललं जातं, आणि गॅस्केटच्या कडेनं आग वाट शोधते. बूस्ट वाढला म्हणून गॅस्केट गेलं असं लोक म्हणतात, पण माझ्या बघण्यात बहुतेक वेळा आधी नॉकिंग असतं. अशा गाडीत नुसते स्टड टाकले तर हेड घट्ट राहील, मग पुढचा नंबर पिस्टनच्या रिंगलँडचा, म्हणजे रिंगांच्या खाचांमधल्या कडांचा.

मग आम्ही खंबाटकीला गेलो. तो चालवत होता, मी बाजूला लॅपटॉप घेऊन. ईसीयूच्या आकड्यांतल्या मेझरिंग ब्लॉक ०२० मध्ये ईसीयू प्रत्येक सिलिंडरचं स्पार्कचं टायमिंग नॉकमुळे किती मागे घेतोय ते दिसतं. सपाट रस्त्यावर तिसरा सिलिंडर तीन-चार अंशांवर. घाट लागला आणि साहेबांनी गाडी पाचव्यातच ठेवून ॲक्सिलरेटर तळाला नेला. "टर्बो ओढतो ना काका, गिअर कशाला टाकायचा?" इंजिन २२०० आरपीएमवर, छोटा टर्बो पूर्ण भरलेला, आणि तिसऱ्या सिलिंडरचा आकडा नऊवर. कमी फेऱ्यांवर पूर्ण बूस्ट म्हणजे पिस्टन वर रेंगाळतोय आणि दाबाला वेळच वेळ मिळतोय. इंजिनला यापेक्षा वाईट काही करता येत नाही. मी ओरडलोच, "तिसरा टाक आधी!" तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारांवर तोच चढ गाडी आरामात चढली, आकडाही उतरला.

नॉकिंगला कारणं एकाहून जास्त निघाली. मॅप १०० ऑक्टेनच्या, म्हणजे सहजी नॉकिंग न होणाऱ्या पेट्रोलसाठी लिहिलेला, आणि तसलं एक्सपी १०० परवडत नाही म्हणून टाकीत साधं पेट्रोल. बंपरच्या कोपऱ्यातला इंटरकूलर चिखलानं आणि पाल्यानं निम्मा बुजलेला, त्यामुळे टर्बोची गरम हवा तशीच आत. शिवाय कूलंटऐवजी बोअरचं पाणी आणि एक्स्पान्शन टँकचं झाकण दाब न धरणारं. पाण्यावर एक बार जादा दाब असेल तर ते १२० अंशांना उकळतं, झाकण गळकं असेल तर शंभराच्या आसपासच. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती वाफेचे बुडबुडे धरतात, तिथलं धातू तापतं, आणि तापलेल्या जागी नॉकिंग अजून लवकर होतं. झाकण काही शे रुपयांचं. पोरानं स्टडवर किती घातले असतील ते मनातच ठेवलं.

जाड गॅस्केटबद्दल त्याला फार आशा होती. कॉम्प्रेशन उतरेल, नॉकिंग जाईल, असं कुणीतरी सांगितलेलं. उतरतं थोडंसं. पण पिस्टनचा काठ आणि हेड यांमधली फट वाढते, मिश्रण नीट घुसळलं जात नाही आणि काठाला ते रेंगाळत राहतं. कमावलेलं बरंचसं तिथेच जातं.

संध्याकाळपर्यंत इंटरकूलर उतरवून धुतला, सिस्टीम फ्लश करून डिस्टिल्ड पाण्यात योग्य कूलंट भरलं, झाकण आणि प्लग बदलले. मॅपचं काम माझ्या ओळखीच्या मुलाकडे दिलं: ९५ ऑक्टेन धरून टायमिंग, बूस्ट एक बारच्या आत, आणि तीन हजारांखाली टॉर्क दाबून ठेवलेला. सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटचं. बहुतेक मॅपवाले तिथेच धक्का ठेवतात, कारण गिऱ्हाईकाला तो पाठीत जाणवतो.

खोकं त्याला परत दिलं. कधी हेड उतरवावंच लागलं तर स्टड वापर म्हणालो, पण तेव्हा हेड आणि ब्लॉक दोन्ही मशीनवर फेस, म्हणजे सपाट, करून घ्यायचे. स्टीलच्या गॅस्केटला आरशासारखा पृष्ठभाग लागतो. हातग्राइंडरला खरखरीत चकती लावून घासणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी न्यायची नाही, त्यानं ॲल्युमिनियमला खड्डे पडतात आणि चकतीची पूड बेअरिंगमध्ये जाते. बोल्टच्या भोकातलं तेल-पाणी हवेनं पूर्ण काढायचं, नाहीतर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकच तडकतो. आणि सीलंट अजिबात लावायचा नाही.

पुढच्या महिन्यात त्यानं घाटातला लॉग व्हॉट्सॲपवर पाठवला. तिसरा सिलिंडर दोन अंशांवर, बाकीचे शून्यावर. खाली लिहिलेलं, "पण काका, गाडी आधीपेक्षा मऊ वाटते."

मी लिहिलं, "आहेच. घाटात तिसरा टाकतोस ना?"

उत्तर आलं नाही. दोन निळ्या टिका मात्र दिसल्या.