भात्याचा हात आणि लहान पट्ट्या

गेली बावीस वर्षे मी कोल्हापूरच्या गंगावेशेतील एका भजनी मंडळात पेटीची साथ करीत आहे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे दहा-बारा किलोंची पेटी दुचाकीवरून नेणे जड जाऊ लागले, तेव्हा जूनअखेरीस मी लहान पट्ट्यांचा अरेंजर कीबोर्ड, म्हणजे स्वतःच साथसंगत वाजवणारा कीबोर्ड, घेतला. पाच सप्तकांचे हे वाद्य पाठीवरच्या पिशवीत मावते आणि बॅटरीवरही चालते. पहिल्या गुरुवारी मी ते पाटावर मांडले, तेव्हा पखवाजवाले आण्णा म्हणाले, "मास्तर, नातवाचं खेळणं उचलून आणलासा व्हय?"

मलाही धास्ती होती ती पट्ट्यांचीच. पियानोच्या आकाराच्या पट्ट्यांचे सप्तक साधारण साडेसोळा सेंटीमीटरचे असते. येथे फूटपट्टी ठेवली तर ते चौदा भरले. पहिले तीन-चार दिवस मधले बोट दोन काळ्यांच्या बेचक्यात अडकत असे आणि षड्जावरून पंचमावर जाताना हात सवयीने धैवतावर पडत असे. आठवड्याभरात मात्र बोटांनी नवे अंतर धरले, आणि तार षड्जापर्यंतची झेप तर पेटीपेक्षा सोपी वाटू लागली.

खरी अडचण डाव्या हाताची निघाली. पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भाता ओढतो. सुरांशी त्याचा संबंध फक्त हवेपुरता. अरेंजरमध्ये नेमके उलटे आहे. कीबोर्डचा डावीकडचा भाग कॉर्डसाठी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीसाठी, राखलेला असतो, आणि तेथे धरलेल्या कॉर्डप्रमाणे आतले तालवाद्य, बास आणि गिटार आपापली साथ बदलतात. एका बोटाने कॉर्ड देण्याची सोय आहे: मूळ सूर दाबला की मेजर, त्याच्यासोबत डावीकडची जवळची काळी दाबली की मायनर. सोय सोपी आहे, परंतु उजव्या हाताचा चुकलेला सूर क्षणात विरतो, तर डाव्या हाताची चूक सगळा वाद्यवृंद घेऊन दुसरीकडे निघते. त्यात माझा डावा हात तान रंगली की कॉर्ड सोडून आपोआप भाता ओढायला मागे जाई. हे आण्णांच्या नजरेतून सुटले नाही.

मग मी उजवा हात बाजूला ठेवून पंधरा दिवस केवळ कॉर्ड बदलण्याचा सराव केला, तोही भूप रागातील एका चालीवर. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्यामुळे उरलेल्या पाच स्वरांतून त्रिसुरी मेजर-मायनर कॉर्ड दोनच बनतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. पांढरी एकला (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, म्हणजे सी ला) सा धरला तर सी मेजर आणि ए मायनर. माझ्यासारख्याला दोनच जागा राखायच्या, ही मोठी सवलत होती. तरीही पहिल्याच दिवशी कानाला काहीतरी खटकले. शोध घेतला तेव्हा लक्षात आले की मी कॉर्ड बरोबर धरला असला तरी निवडलेल्या स्टाइलमधला (साथीच्या तयार साच्यातला) बास मधूनच कोमल निषादाला स्पर्श करून येतो. त्याला भूप कोण शिकवणार? शेवटी स्टाइलचा बास बंद केला. आमच्या बुवांचा सूर काळी एक, म्हणून ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवण्याची सोय) एकने वाढवून हात पांढरी एकवरच ठेवतो. प्रारंभी डोळे एक सांगत आणि कान दुसरेच, आता त्याचे काही वाटत नाही.

लयीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. भजनी ठेका विलंबितातून हळूहळू चढत जातो, तर यंत्राचा वेग मी बटण दाबेपर्यंत तसूभर हलत नाही, आणि बटण दाबायला मोकळा हात उरत नाही. त्यामुळे यंत्रातले तालवाद्यही बंद करून ठेका आण्णांकडेच ठेवला आहे. एवढे पैसे मोजून वाद्यवृंदातले निम्मे वादक गप्प बसवले, अशी थट्टा घरी होते, आणि ती रास्तच आहे.

मागच्या गुरुवारी पहिला अभंग कीबोर्डवर दोन कॉर्डांत निभावला. भैरवीला मात्र मी मंदिरातली जुनी पेटीच पुढे ओढली.