जिन्यातल्या दिव्यांची दीड तासाची परीक्षा

आमच्या इमारतीच्या जिन्यात लाईट गेली की आपत्कालीन दिवे लागायचे. इनव्हर्टर होता, बॅटरी होती, पण हे दिवे किती वेळ टिकतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं. हे काम माझ्याकडे आल्यावर मी म्हटलं, चर्चा नंतर, आधी ९० मिनिटं चालवून बघू. ९० हा आकडा अमेरिकेतल्या एनएफपीए १०१ या अग्निसुरक्षेच्या नियमावलीतला. वर्षातून एकदा तेवढा वेळ दिवे प्रत्यक्ष चालवून बघा, असंही ती सांगते.

हिशेब तर सोपा होता. दिवे आणि बाहेरच्या वाटेच्या पाट्या मिळून २०० वॉट. डीसीचं एसी करताना इनव्हर्टर थोडी वीज स्वतःच खातो, म्हणून बॅटरीवर साधारण २३५ वॉटचा भार. १२ व्होल्टला वीसेक अँपिअर, म्हणजे दीड तासाला ३० अँपिअर-तास. बॅटरी १०० ची. कागदावर काळजीच नको!

चाचणी मुद्दाम सकाळी घेतली. लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा भरायला बरेच तास लागतात आणि रात्री ती रिकामी नको. मेन पाडला, दिवे लागले. मीटर मी टर्मिनललाच लावून ठेवला होता. लोड नसताना १२.६ दाखवणारी बॅटरी लोड येताच १२ च्या खाली आली आणि तिथून आकडा उतरतच गेला. जेमतेम अर्ध्या तासात १०.५ झाले, इनव्हर्टर बीप करू लागला आणि कट-ऑफ. सहा सेल, प्रत्येकी १.७५ व्होल्ट, त्याखाली बॅटरी ओढली तर ती कायमची खराब होते, म्हणून तो थांबतो. नुसता मीटर लावून ‘बॅटरी फुल आहे’ म्हणणाऱ्यांचं मी आता ऐकत नाही.

नवी ट्यूब्युलर बॅटरी बसवली. पूर्ण दीड तासानंतरही ती ११.८ वर होती. तो प्रश्न मिटला.

खरी गोम पुढेच होती. वायरमनला म्हटलं, ‘‘दादा, आता मेन राहू द्या, फक्त जिन्याच्या रोजच्या दिव्यांचा एमसीबी पाडा.’’ तो, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच, त्यांनी पाडला. जिन्यात मिट्ट काळोख आणि इनव्हर्टर ढिम्म! लाईट गेली की नाही हे ओळखणारा रिले मेन बोर्डावर जोडलेला होता; तिथे वीज होतीच, मग तो कशाला हलेल? जिन्यातच शॉर्टसर्किट झालं, तर नेमका हाच एमसीबी पडणार. इतकी वर्षं हे कुणी करून पाहिलंच नव्हतं, कारण चाचणी म्हटलं की सगळे मेनच पाडतात.

दादांनी रिलेच्या दोन्ही तारा जिन्याच्या सर्किटवर, एमसीबीच्या पुढे आणल्या. शिवाय आपत्कालीन दिव्यांचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, इतर दिव्यांच्या न्यूट्रलमध्ये मिसळला होता, तोही वेगळा केला. पुन्हा एमसीबी पाडला आणि दिवे लगेच लागले.

आता दर महिन्याला तोच एमसीबी अर्धा मिनिट पाडून बघतो आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी तपासतो. बॅटरी बसवल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहून ठेवली आहे; वहीतली नोंद ऐन वेळी सापडत नाही.